सहावा टेक

साठ वर्षांपूर्वीचा स्वतःचा खोकला माणसाला ओळखता येतो, हे ॲलन तुस्कानोला त्या मंगळवारी दुपारी कळलं. आधी नुसती खरखर होती. मग कुणीतरी खोकलं, कोरडं, दोनदा, आणि घसा साफ करताना शेवटी एक बारीक शीळ निघाली. ॲलनचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. ऑस्ट्रेलियातल्या क्वेकर्स हिलच्या घरात, मागच्या खोलीत, मुलीच्या जुन्या लॅपटॉपसमोर तो हेडफोन लावून बसला होता. खिडकीबाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन फिरत होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता. येत होता तो वीस वर्षांच्या एका पोराचा, जो गाण्याआधी घाबरून खोकत होता. ‘‘टेक वन,’’ काचेपलीकडून एक जाड, कंटाळलेला आवाज म्हणाला. मिस्टर रूर्क. ॲलनने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्यांतून मुंगीएवढं संगीत वाजत राहिलं, थोडा वेळ वाजलं आणि मध्येच तुटलं. कुठे तुटलं ते त्याला न ऐकताही ठाऊक होतं.

फाइल टूवूंबाहून आली होती. मिस्टर रूर्क हा मुंबईतला अँग्लो-इंडियन रेकॉर्डिस्ट, फोर्टातल्या एका लहानशा स्टुडिओत काम करणारा. पुढे तो ऑस्ट्रेलियात आला, टूवूंबात घर करून राहिला आणि मागच्या वर्षी पंच्याण्णवाव्या वर्षी वारला, हे ॲलनला आत्ता कळत होतं. म्हणजे पंधरा वर्षं ते दोघं एकाच देशात होते. म्हाताऱ्याच्या मुलीने गराज रिकामं करताना टेपची अकरा रिळं बाहेर काढली आणि वॉरन नावाच्या माणसाला दिली. वॉरन निवृत्त शाळामास्तर. जगात कुठे कुठे धूळ खात पडलेली जुनी रॉक अँड रोलची, कंट्रीची गाणी शोधायची, साफ करायची आणि आपल्यासारख्याच वेड्यांसाठी त्यांच्या दोन-तीनशे प्रती काढायच्या, हा त्याचा छंद. ॲलनच्या मुलीने, व्हॅलेरीने, एका फादर्स डेला वडिलांच्या रेकॉर्डचा फोटो फेसबुकवर टाकला होता, त्यावरून त्याने ॲलनला शोधून काढलं. ‘जेनी ऑन द जेटी’, एकोणीसशे चौसष्ट, गायक ॲलन तुस्कानो. दोन मिनिटं अकरा सेकंद. वॉरनला ते गाणं पाठ होतं. पण रिळावर नुसतं गाणं नव्हतं, त्या दिवसाचं पूर्ण सेशन होतं, फसलेले टेक, मधलं बोलणं, खुर्च्या सरकवल्याचे आवाज. असं सहसा उरत नाही, वॉरन फोनवर म्हणाला होता, टेप पुन्हा वापरायचे ना, पुसून टाकायचे. रूर्कने हे रीळ का ठेवलं असेल, ॲलन? ॲलन म्हणाला होता, कोण जाणे.

त्याने हेडफोन पुन्हा लावले. टेक टू. टेक थ्री. खोली हळूहळू परत येऊ लागली, आधी उकाडा, कारण पंख्याचा आवाज टेपवर येतो म्हणून रूर्क तो बंद करायला लावायचा. भिंतींना कापसाच्या गाद्या बांधलेल्या. पायांत नुसते मोजे, बूट दाराबाहेर, लाकडी जमिनीवर पाऊल वाजू नये म्हणून. ड्रमवाला एका हॉटेलच्या बँडमधून आलेला, त्याने ड्रमवर टॉवेल टाकला होता. एक वयस्क अंकल मांडीवर हवाईयन गिटार घेऊन बसले होते, आणि मधोमध एक मायक्रोफोन, ज्याच्याभोवती कुणी किती लांब उभं राहायचं याच्या खुणा रूर्कने खडूने केल्या होत्या. गाणं ॲलनचं होतं. शब्द त्याचे, चाल त्याची. अर्नाळ्याच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या एका पोरीवर त्याने ते इंग्रजीत लिहिलं होतं. पोरगी खरी नव्हती, धक्का खरा होता. घरी, शेतात विहिरीच्या काठावर, त्याने ते शंभर वेळा म्हटलं असेल. आणि रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की दुसऱ्या ओळीत, सूर वर चढतो त्या ठिकाणी, त्याचा घसा मिटायचा. आतून कुणी दार लावून घ्यावं तसा. टेक फोर. टेक फाइव्ह. पाचव्याला तर तो त्या जागेपर्यंत पोचलाच नाही. ड्रमवाला कुणाशी तरी हळू काहीतरी बोलला आणि हसला. मग रूर्क म्हणाला, तो दुसरा कोण आहे, मागचा, सेकंड गिटारवाला? तो गुणगुणतोय. त्याला पुढे घ्या, बघू.

मागचा म्हणजे रिकी. ॲलनपेक्षा अकरा महिन्यांनी धाकटा, एवढा कमी की शाळेत दोघं एकाच वर्गात होते आणि रिकीने त्याला कधी नावाशिवाय हाक मारली नाही. टेक सिक्स. गिटारची सुरुवात, चार ठोके, आणि मग तो आवाज, जो ॲलनने साठ वर्षं रेकॉर्डवर ऐकला होता, रेडिओवर, लग्नांत, लाउडस्पीकरवर ऐकला होता, जो लोकांनी त्याच्या तोंडावर त्याचा म्हणून नावाजला होता. वरची जागा आली आणि रिकी तिच्यावरून असा गेला, जणू तिथे चढ नव्हताच. सहाव्या टेकलाच गाणं झालं.

रेकॉर्डवर गाणारा रिकी आहे, ही गोष्ट जगात आता एकट्या ॲलनला माहीत होती. एक रूर्कला माहीत होती, तो गेला. वाजवणारे दोघे कधीच गेले असतील. आईला माहीत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरी पहिल्यांदा ते गाणं रेडिओवर लागलं तेव्हा ती पाट्यावर मसाला वाटत होती. तिचा हात थांबला, तिने रेडिओकडे पाहिलं, मग ॲलनकडे, आणि पुन्हा वाटायला लागली. दुपारी जेवताना तिने पापलेटचा मोठा तुकडा रिकीला वाढला. लेबलवर ॲलनचं नाव आधीच ठरलेलं होतं, करार त्याच्या नावाने होता, फोटो काढून झाला होता. आणि रिकीनेच म्हटलं होतं, ‘‘नाव तुझंच राहू दे, मला काय करायचंय.’’ स्टुडिओतून उतरताना, जिन्यात. पितळेचा कठडा होता, गार, आणि रिकी त्यावर हात घसरवत दोन-दोन पायऱ्या उतरत होता आणि मागे वळून हे म्हणाला होता. ॲलनने हे वाक्य जपून ठेवलं होतं. दोन वर्षांनी रिकी काविळीने अकरा दिवसांत गेला, वय एकवीस, तेव्हा शवपेटीजवळ उभं राहून त्याने ते मनात म्हटलं होतं. नंतरही, जेव्हा जेव्हा लागलं तेव्हा.

गाणं संपलं, पण टेप चालूच होता. रूर्क बंद करायला विसरला असावा. पावलं. गिटार ठेवल्याचा पोकळ आवाज. आणि मग मायक्रोफोनच्या अगदी जवळ, कानात, रिकी मराठीत बोलला.

‘‘ॲलन, नाव दोघांचं टाकायचं ना?’’

‘‘बघू नंतर. आधी दुसरी बाजू करू.’’

‘‘नंतर नको. तो समोर आहे तर आत्ताच सांग ना त्याला.’’

चार सेकंद कुणी बोललं नाही. ॲलनने नंतर ते मोजले, कितीदा तरी मोजले, पडद्यावर आकडे धावत होते. मग तो वीस वर्षांचा पोरगा बोलला, ज्याचा खोकला ॲलनने ओळखला होता. आवाज शांत होता, ऑफिसातल्या माणसासारखा. ‘‘रिकी, गाणं कुणाचंय? तू लिहिलंस? मग?’’

खुर्ची सरकली.

‘‘बरं,’’ रिकी म्हणाला.

लॅपटॉप तसाच उघडा ठेवून ॲलन उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. त्याची बायको सेलिन टेबलापाशी बसून फोनवर बहिणीशी बोलत होती. याच्याकडे पाहून तिने भुवया उंचावल्या, आलं का ऐकू? त्याने मान हलवली. फाइल उघडत नाही, तो म्हणाला. त्याला वाटलं होतं पाणी पिताना जिना आठवेल, आणि तो आठवलाही, पण त्यात आता कठडा नव्हता. पितळेचा होता की लाकडाचा? रिकी पुढे होता की मागे? हात घसरवत उतरणारा रिकी त्याने नक्की पाहिला होता की शवपेटीपाशी उभं असताना केव्हातरी तयार केला होता? एखादा माणूस इतकी वर्षं एखाद्या जिन्यावरून रोज चढ-उतार करतो आणि एक दिवस त्याला सांगतात, या इमारतीला जिनाच नव्हता. तो सिंकपाशी उभा राहिला. तेवढ्यात फोन वाजला. वॉरन.

‘‘मेट, ऐकलंस? सहावा टेक! काय गायलायस तू,’’ वॉरन इंग्रजीत म्हणाला. ‘‘एक विचारायचं होतं. टेक सिक्सनंतर, अकरा मिनिटं चाळीस सेकंदांवर, तुझ्याच भाषेत कुणीतरी बोलतंय. दोन मुलं. फार गोड वाटतं ऐकायला. मी ते शेवटी तसंच ठेवावं म्हणतोय. काय बोलताहेत?’’

‘‘चहाबद्दल,’’ ॲलन म्हणाला. ‘‘चहा मागवायचा का, म्हणून.’’

वॉरन खूश होऊन हसला.

बुधवारी सकाळी ॲलनने व्हॅलेरीला सांगितलं की त्याला दूध आणायचंय, आणि गाडी घेऊन वूलवर्थ्सला गेला. व्हॅलेरीने फाइल त्याच्या फोनवर टाकून दिली होती. पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून त्याने फक्त तेवढाच भाग ऐकला, अकरा-चाळीस ते बारा-दहा. प्रत्येक वेळी त्याला वाटे, या वेळी चार सेकंदांनंतर दुसरं काहीतरी ऐकू येईल. तो पोरगा म्हणेल, थांब, सांगतो त्याला. येत नव्हतं. उलट दरवेळी त्याला काही नवीनच ऐकू येई, रिकीच्या ‘आत्ताच’मधली घाई, त्याच्या मागे कुणीतरी काडी ओढल्याचा आवाज, आणि स्वतःच्या ‘मग?’नंतरचा एक लहानसा श्वास, जवळजवळ समाधानाचा. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे आवाज ऐकले होते. हेडसेट लावून बसलेला माणूस एका शब्दावरून ओळखतो, पलीकडचा खोटं बोलतोय का, घाबरलाय का. स्वतःचा आवाज त्याने कधी असा ऐकला नव्हता. ट्रॉल्या ढकलत बायका जात होत्या, कुणाचं तरी बाळ रडत होतं, समोरच्या गाडीतला माणूस त्याच्याकडे पाहून हसला, आणि ॲलनला आठवलं हॉस्पिटल.

वसईच्या त्या हॉस्पिटलात वॉर्डच्या टोकाला एक रेडिओ होता. रविवारी दुपारी फर्माइशींचा इंग्रजी कार्यक्रम लागायचा. रिकीचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. निवेदिका म्हणाली, आणि आता आपल्या मुंबईचा तरुण गायक, ॲलन तुस्कानो. नर्सने वळून पाहिलं आणि ओठांनीच विचारलं, तुम्हीच ना? ॲलनने मान हलवली की नाही हे त्याला आठवत नाही. गाणं वाजलं. पूर्ण वॉर्डने ऐकलं. संपल्यावर रिकी वळला, हसला आणि म्हणाला, ‘‘छान गातोस हां.’’ पुढे अठ्ठावन्न वर्षं ॲलन असं धरून चालला होता की ती थट्टा होती, भावाभावांतली, आणि त्या थट्टेत सगळं फिटलं. आता वूलवर्थ्सच्या पार्किंगमध्ये तेच वाक्य परत आलं, तेच हसू, तेच पिवळे डोळे, आणि त्यात थट्टा कुठे होती हे काही केल्या सापडेना. तो दूध न घेताच घरी आला.

गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये सीनियर्सचा ग्रुप भरतो. चहा, सँडविच, हाउजी. सेलिनने वॉरनची बातमी सगळ्यांना आधीच सांगून ठेवली होती आणि आता ती वसईजवळच्या नांदाखालच्या लग्नाची गोष्ट सांगत होती, जी ॲलनने निदान दोनशे वेळा ऐकली होती. सदुसष्ट साल, चुलतबहिणीचं लग्न, मंडपात रेकॉर्ड लागलेली. हिने विचारलं, कोण गातंय? कुणीतरी खांबाला टेकून उभ्या असलेल्या मुलाकडे बोट दाखवलं. ‘‘मला आवाज आधी भेटला, माणूस नंतर,’’ ती म्हणाली, आणि बायका दरवेळेसारख्या हसल्या. तिने आज निळा ड्रेस घातला होता आणि ती सुंदर दिसत होती, शहात्तर वर्षांची, केसांना रंग न लावलेली. ग्रुप चालवणारी सॅन्ड्रा म्हणाली, ‘‘अंकल, एक लाइन तरी म्हणा ना! कधी म्हणत नाही तुम्ही.’’ आणि ॲलनच्या आधी सेलिनच बोलली, नेहमीसारखी, हळू आवाजात, मान जरा वाकडी करून. ‘‘नाही म्हणणार तो. भावासाठी सोडलंय त्याने.’’ सॅन्ड्राने आदराने मान डोलावली आणि त्याच्या पुढ्यात सँडविच ठेवलं.

त्याने असा नवस कधी बोलला नव्हता. लग्न ठरलं तेव्हा सेलिनने त्याला गा म्हटलं होतं, आणि तो म्हणाला होता, ‘‘रिकी गेला आणि आवाज गेला.’’ वाक्य खरं होतं. त्याच्या आयुष्यात त्याने बोललेल्या अगदी खऱ्या वाक्यांपैकी ते एक असेल. तिचे डोळे भरून आले, तिने त्याचा हात धरला आणि पुन्हा कधी गा म्हटलं नाही. तो खोटं बोलला नव्हता, फक्त तिने जे ऐकलं ते त्याने दुरुस्त केलं नाही. चर्चमध्ये तो नुसते ओठ हलवतो, आधी वसईत, मग इथे, पंचावन्न वर्षं. शेजारी उभं राहून ती खालच्या सुरात गाते, आणि त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे तिने जेव्हा जेव्हा पाहिलं असेल तेव्हा तिला त्यात एका भावाचं दुःख दिसलं असेल. दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ती रिकीसाठी मेणबत्ती लावते. न पाहिलेल्या दिरासाठी. सॅन्ड्राने पुढ्यात ठेवलेलं सँडविच ॲलनने उचललं आणि परत ठेवलं. आपण इथून उठून ओरडलो तर काय ओरडू, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याला कळलं की आपल्याला ओरडण्यासाठीही आवाज नाही.

शुक्रवारी वॉरनच्या नव्या रेकॉर्डचं कव्हर छापायला जाणार होतं. सकाळी व्हॅलेरी शिफ्टला गेली आणि ॲलन मागच्या खोलीत दार लावून बसला. वॉरनने दुसऱ्याच रिंगला फोन उचलला.

‘‘एक चूक आहे,’’ ॲलन म्हणाला. ‘‘गायकाचं नाव. गायक मी नाही. रिकी तुस्कानो. माझा भाऊ. आर, आय, सी, के, वाय. पहिले पाच टेक माझे आहेत.’’

‘‘ओह,’’ वॉरन म्हणाला. ‘‘ओह, राइट. मग मूळ लेबलवरच चुकलं होतं का?’’

‘‘हो.’’

‘‘नो वरीज, मेट. लगेच बदलतो. इझी फिक्स.’’ कीबोर्डचा आवाज आला. एवढंच. ॲलन कानाला फोन लावून बसून राहिला. इतक्या वर्षांत त्याने हे सांगायची कितीतरी रूपं कल्पिली होती, फादरसमोर, मरणाच्या वेळी, एखाद्या पत्रात. एक मास्तर आपल्या टेबलावर बसून दहा सेकंदांत अक्षरं बदलेल असं कधी वाटलं नव्हतं. ‘‘आणि ते चहाचं बोलणं?’’ वॉरनने विचारलं. ‘‘ते शेवटी ठेवतोय मी. ठीक आहे ना?’’

‘‘ते चहाबद्दल नाही.’’

‘‘नाही?’’

‘‘तो विचारतोय, माझंही नाव टाकशील का. आणि मी नाही म्हणतोय.’’

कीबोर्डचा आवाज थांबला. त्याच्याकडे कुठेतरी पक्षी ओरडत होते. ‘‘काढून टाकू?’’ त्याने विचारलं, आणि त्याचा स्वर बदलला होता, मास्तर एखाद्या रडवेल्या मुलाशी बोलतो तसा. ‘‘कुणाला कळणारही नाही, ॲलन.’’

‘‘ठेवा,’’ ॲलन म्हणाला. ‘‘आणि खाली इंग्रजीत लिहा, काय बोलतात ते.’’

मग तो स्वयंपाकघरात गेला. सेलिन सिंकपाशी बटाटे सोलत होती. नळ बारीक चालू होता. बस जरा, तो म्हणाला. बोल ना, हात भरलेत, ती म्हणाली. तो तिच्या पाठीशी बोलला.

‘‘रेकॉर्डवर मी नाहीये.’’

‘‘म्हणजे? फोटो काढून टाकला का त्यांनी तुझा?’’

‘‘गाण्यात. गाणारा मी नाहीये, सेलिन. रिकी आहे.’’

ती हसली. ‘‘काहीतरीच बोलतोस.’’ मग तिने वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि हातातला बटाटा तसाच धरून पाहत राहिली. तिने नळ बंद केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती हिशेब लावत होती, मागे मागे जात होती, एकेक वर्ष उचलून त्याच्या खाली काय आहे ते बघत होती. ॲलनला ते दिसत होतं आणि तो तिला थांबवू शकत नव्हता.

‘‘नांदाखालला,’’ ती म्हणाली. ‘‘मंडपात. मी तुला विचारलं होतं, तूच गायलास का.’’

‘‘तू विचारलं नव्हतंस. तू म्हणालीस, किती छान गायलास. मी थँक्यू म्हणालो.’’

‘‘थँक्यू म्हणालास.’’

‘‘हो.’’

‘‘आणि तेव्हा तो जाऊन वर्षही झालं नव्हतं.’’

‘‘नऊ महिने.’’

ती खुर्चीवर बसली. मघाशी तो बस म्हणाला तेव्हा बसली नव्हती, आता बसली, ओले हात मांडीवर ठेवून. ड्रेसवर पाण्याचे दोन डाग उमटले. ‘‘कसा होता?’’ तिने विचारलं.

‘‘माझ्यासारखाच. थोडा उंच.’’

‘‘दिसायला नाही विचारत. फोटो पाहिलाय मी. कसा होता तो?’’

ॲलनने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की त्याच्याकडे सांगण्यासारखं फार थोडं आहे. इतकी वर्षं त्याने रिकीची दोन-तीनच वाक्यं घासूनपुसून जवळ ठेवली होती, स्वतःच्या कामाची तेवढी, आणि बाकी माणूस कुठेतरी पडून गेला होता. ‘‘जेवताना गुणगुणायचा,’’ तो म्हणाला. ‘‘आई ओरडायची त्याला. विहिरीत पोहायचा. सायकल हात सोडून चालवायचा.’’ मग पुढे काही आलं नाही. ‘‘भिडस्त होता. एकदा मागितलेलं परत मागायचा नाही.’’

‘‘लाव,’’ सेलिन म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘फाइल. तीन दिवस तू म्हणतोयस उघडत नाही. आता उघडेल ना?’’

त्याने लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. दोघं समोरासमोर बसली. टेक वन. खोकला. तिने मान किंचित वर केली. तिनेही तो ओळखला होता, रोज सकाळी बाथरूममधून ऐकते तो. टेक टू, थ्री, फोर. वीस वर्षांचा ॲलन त्याच जागी तुटत होता, पुन्हा पुन्हा, आणि ऐंशी वर्षांचा ॲलन टेबलावरच्या सालींकडे पाहत होता. पाचव्यानंतर तिने डोळे मिटले. सहावा सुरू झाला. तिचा चेहरा ॲलनने इतक्या जवळून फार दिवसांत पाहिला नव्हता. गाणं चाललं होतं तोवर त्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. ते संपलं आणि तो हात पुढे करून बंद करणार, तर तिने डोळे न उघडताच त्याचं मनगट धरलं. राहू दे. पावलं. गिटार. नाव दोघांचं टाकायचं ना? तिची बोटं त्याच्या मनगटावर तशीच होती. बघू नंतर. आत्ताच सांग ना त्याला. चार सेकंद. गाणं कुणाचंय? तू लिहिलंस? मग?

बरं.

तिने हात काढून घेतला.

‘‘पुढे?’’

‘‘पुढे काही नाही. दुसऱ्या बाजूचं गाणं.’’

‘‘तू परत कधी काढलास का हा विषय? तो होता तोवर? दोन वर्षं होती.’’

‘‘नाही.’’

‘‘बरं,’’ असं ती म्हणेल असं त्याला वाटलं आणि तो घाबरला. पण ती तसं म्हणाली नाही. तिने टेबलावरच्या साली एका हाताने गोळा केल्या, वाटीत टाकल्या, हात पुसले, सावकाश, एकेक बोट. बाहेर मॅगपाय पक्ष्याचा आवाज आला आणि थांबला. ‘‘गाणं परत लाव,’’ ती म्हणाली. ‘‘नुसतं गाणं. आणि परत कसं लावायचं ते दाखव मला.’’

त्याने दाखवलं. इथे दाबायचं, मग ही रेघ इकडे आणायची.

‘‘आता तू बाहेर जा जरा.’’

‘‘सेलिन, ऐक...’’

‘‘मला त्याला ऐकायचंय, ॲलन. तू समोर असताना नको.’’ ती हे मोठ्याने म्हणाली नाही. पाहुण्याला सांगावं इतक्या सौम्यपणे म्हणाली.

तो मागचं जाळीचं दार उघडून अंगणात गेला. ऊन कडक होतं. तारेवर व्हॅलेरीचे हॉस्पिटलचे कपडे वाळत होते, निळे, हलके, वाऱ्याने गोल गोल फिरत. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने एक चिमटा काढला, मग दुसरा. कपडा खांद्यावर टाकला. आतून गिटार सुरू झाली, चार ठोके, आणि रिकी गायला लागला. जाळीतून आवाज लहान येत होता पण साफ येत होता. दोन मिनिटं अकरा सेकंद. मग शांतता, थोडी धडपड, ती रेघ शोधत असावी, आणि पुन्हा चार ठोके. ॲलनने तिसरा चिमटा काढला. वरची जागा आली आणि गेली. गाणं संपलं. या वेळची शांतता लांबली, इतकी की त्याला वाटलं आता ती हाक मारेल, आणि तो दाराकडे दोन पावलं गेलाही. हाक आली नाही. तिसऱ्यांदा गिटार वाजली. रिकीने पहिली ओळ उचलली, आणि दुसऱ्या ओळीत, त्याच्या खाली, एक दुसरा आवाज मिसळला, म्हातारा, जरा कापरा, पण सुरात. ॲलन वाळलेले कपडे खांद्यावर घेऊन उन्हात उभा राहिला. आत दोघं गात होती.